रिबेस बंद करायचा का? दोघांच्या ब्रांचवर झालेला घोळ

ऊसबिल_सांगली:

नमस्कार मंडळी,

आमचं काम साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं आणि ऊसबिलाचं सॉफ्टवेअर. सात जण आहोत, चौघं सांगलीत, तिघं पुण्यात. कोड आणि त्याचा इतिहास गिटमध्ये, गिटहबवर एकच रिपो (कोडचा साठा). गळीत हंगाम तोंडावर आलाय आणि आम्ही गिटशी झुंजतोय.

तोडणी यंत्रानं तोडलेल्या उसाची पाचट वजावट नव्या पद्धतीनं मोजायची आहे. त्यासाठी 'पाचट-वजावट' ही ब्रांच (मेन या मुख्य शाखेपासून वेगळी फांदी) काढली. तिच्यावर मी आणि पुण्याचा एक सहकारी. मंगळवारी संध्याकाळी त्यानं ती ताज्या मेनवर रिबेस केली (म्हणजे आमची कमिट्स, एकेक नोंदवलेले बदल, मेनच्या टोकावर नव्यानं चढवली) आणि फोर्स पुश मारला (सर्व्हरवरच्या जुन्या ब्रांचच्या जागी ही बसवली). मेन फार पुढे गेला होता आणि पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घ्या ही विनंती) स्वच्छ दिसायला हवी, असं त्याचं म्हणणं. मला काही कळवलं नाही. बुधवारी सकाळी मी नेहमीसारखं गिट पुल केलं (आमच्याकडे पुल म्हणजे मर्ज, दोन इतिहास जोडणं, सेटिंगच तशी आहे), तर ज्या फाइलला मी कित्येक दिवस हात लावला नव्हता तिच्यात कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल). सोडवले, पुश केलं, पुल रिक्वेस्ट उघडली, तर जवळजवळ प्रत्येक कमिट दोनदा. तोच संदेश, तीच तारीख, हॅश (कमिटची ओळखखूण) वेगळा.

त्याहून वाईट म्हणजे राउंडिंगचा माझा एक फिक्स त्याच्या प्रतीत दिसतच नाही. वजावट आधी किलोला पूर्ण करायची की सगळा हिशोब झाल्यावर शेवटी, एवढाच तो बदल. पण शेतकऱ्याच्या बिलात त्यानं फरक पडतो, आणि तो फरक शेतकरी आमच्याआधी शोधून काढतो.

आता मीटिंगमध्ये दोन तट पडलेत. लीड म्हणतात, आजपासून रिबेस बंद, सगळं मर्जनंच करायचं. पुणेकर म्हणतात, मर्जमुळे इतिहासाचं जाळं होतं, वाचता येत नाही, उलट सगळ्यांना रिबेसच सक्तीचा करा आणि गिटहबवर सरळ इतिहासाची अट लावा. मला दोन गोष्टी हव्यात. आत्ताची ब्रांच कशी सोडवू? आणि नियम काय ठेवू? 'शेअर केलेलं रिबेस करू नका' हे वाक्य वाचून पाठ झालंय, कृपया तेच परत नको. शेअर केलेलं म्हणजे काय तेच तर ठरत नाहीये. सहकारी म्हणतो, ब्रांच मी काढली होती, माझी होती.

टपरीवरचा_चहा:

फोर्स पुशची परवानगी काढून घ्या, निम्मी भांडणं मिटतील. बाकी रिबेस की मर्ज हे गुऱ्हाळ हंगाम नसतानाही चालूच असतं.

काटेकोर:

आधी ब्रांच सोडवू, वाद नंतर.

त्या ब्रांचवर आता कुणी पुलही करू नका, पुशही करू नका. आज जी अवस्था आहे तिच्यावर एक टॅग (कमिटला दिलेलं पक्कं नाव) ठोका, 'घोळ' असं नाव दिलंत तरी चालेल. पुढे काहीही बिघडलं तरी इथपर्यंत परत येता येईल. मग तुमच्या मशीनवर 'गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/पाचट-वजावट' चालवा. सर्व्हरवरची ती ब्रांच तुमच्या मशीनला कधी कुठे दिसली ते ओळीनं येईल. फोर्स पुशच्या जागी 'फोर्स्ड-अपडेट' लिहिलेलं असतं. ती ओळ म्हणजे सहकाऱ्याचं नवं टोक (ब्रांचचं शेवटचं कमिट), तिच्या खालची ओळ म्हणजे जुनं टोक. घाबरून घाई करू नका. सेटिंग बदललेली नसेल तर रिफ्लॉगच्या नोंदी ९० दिवस राहतात, आणि ज्या कमिटकडे ब्रांचवरून वाट उरलेली नाही त्याची नोंद ३० दिवस.

दोन्ही टोकं हातात आली की 'गिट रेंज-डिफ मेन जुनं-टोक नवं-टोक' चालवा. ही कमांड २०१८ पासून गिटमध्ये आहे आणि फार कमी लोक वापरतात, याचं मला कायम नवल वाटतं. ती जुन्या मालिकेतलं प्रत्येक कमिट नव्या मालिकेतल्या त्याच्या जोडीदारासमोर मांडते. समोर '=' असेल तर बदल जसाच्या तसा आला, '!' असेल तर आतला मजकूर बदलला, '<' असेल तर ते जुन्यात होतं, नव्यात नाही. तुमचा राउंडिंगचा फिक्स '<' घेऊन बसलेला सापडेल असा माझा अंदाज.

कारणही बहुधा ठरलेलंच असणार. रिबेस चालू असताना कॉन्फ्लिक्ट आला तर 'अवर्स' म्हणजे मेनची बाजू आणि 'देअर्स' म्हणजे पुन्हा चढवलं जाणारं तुमचं कमिट. मर्जच्या बरोबर उलट. मर्जची सवय असलेला माणूस आपल्या ब्रांचची बाजू राखायची म्हणून 'अवर्स' निवडतो, मेनचं राहतं, कमिट रिकामं होतं आणि गिट ते गाळून पुढे जातं. मोठा इशारा वगैरे काही मिळत नाही.

मग नव्या टोकावरून एक ताजी ब्रांच काढा. तिच्यावर हरवलेला फिक्स आणि जुन्या टोकानंतर तुम्ही स्वतः केलेली कमिट्स चेरी-पिक करा (एकेक निवडून उचला). बुधवारचं ते मर्ज कमिट मात्र घेऊ नका. शेवटी 'गिट डिफ घोळ ताजी-ब्रांच' करून पाहा. जो फरक दिसेल त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जुन्या ब्रांचवर पुन्हा फोर्स पुश करू नका, त्यातून तिसरी प्रत जन्माला येईल. नवी पुल रिक्वेस्ट उघडा, जुनी बंद करा आणि तिचा दुवा नवीत द्या.

तारीख तीच का दिसली तेही सांगते. कमिटच्या आत आधीच्या कमिटचा हॅश लिहिलेला असतो. तळातलं एक बदललं की वरच्या सगळ्यांचे हॅश बदलतात, म्हणून रिबेसमध्ये जुनी कमिट्स हलत नाहीत, त्यांच्या नव्या प्रती तयार होतात. लेखकाचं नाव आणि लेखकाची तारीख मात्र तशीच नकलली जाते आणि लॉगमध्ये नेहमी तीच दिसते. 'गिट लॉग --फॉरमॅट=फुलर' केलंत की कमिटरच्या रकान्यात मंगळवार संध्याकाळ दिसेल.

आता शेअर म्हणजे काय. मी वीजमीटरच्या फर्मवेअरचं रिलीज सांभाळते. मीटर चालू झाला की सिरियल पोर्टवर आवृत्तीसोबत कमिटच्या हॅशची पहिली काही अक्षरं छापतो. एकदा पायलटच्या मीटरमधून तक्रार आली. लॉगमध्ये हॅश स्वच्छ छापलेला, आणि रिपोत तो कुठल्याच ब्रांचवर नाही. ज्यानं ब्रांच रिबेस केली होती त्याचं उत्तर तुमच्या सहकाऱ्यासारखंच: ब्रांचवर मी एकटाच होतो. आणि ते खरंही होतं! कुणीच ती ब्रांच पुल केली नव्हती. पण तिचं बिल्ड (कोडपासून तयार झालेला प्रोग्राम) टेस्टिंगला गेलं होतं आणि तिथून मीटरमध्ये भरलं गेलं होतं. नेमका कुठला कोड त्या मीटरमध्ये चालतोय हे सांगायला त्या इंजिनियरच्या लॅपटॉपवरचा रिफ्लॉग सोडून दुसरी जागा उरली नव्हती.

तेव्हापासून कुणी पुल केलं का, हा प्रश्नच मी विचारत नाही. हॅश कुठे लिहिला गेलाय का, एवढंच विचारते. बिल्डवर छापला गेला, तक्रारीच्या तिकिटात चिकटवला गेला, दुसऱ्या रिपोनं सबमॉड्यूल (आत जोडलेला रिपो) म्हणून त्यावर बोट ठेवलं, की ते कमिट तुमचं उरलं नाही, मग ब्रांच कुणीही काढलेली असो. सबमॉड्यूलचं दुखणं तर सगळ्यात चिवट. मुख्य रिपोत नोंद असते ती फक्त हॅशची. तुम्ही खालच्या रिपोत रिबेस करून जुनी कमिट्स अनाथ केलीत, सर्व्हरनं कधीतरी साफसफाई केली, की नव्या माणसाचं क्लोन अर्ध्यात मरतं आणि तो बिचारा आपलं नेटवर्क तपासत बसतो.

तुमच्या वजनकाट्याच्या एक्झेवर (चालणाऱ्या प्रोग्रामवर) हॅश छापता का? छापत असाल तर पहिला नियम रिबेसचा नकोच. कारखान्यात जाणारं प्रत्येक बिल्ड टॅगवरूनच निघेल, हा पहिला नियम. टॅग आहे तोवर ते कमिट कुठे जात नाही, ब्रांचचं पुढे काहीही होवो.

पॅचवाला:

काटेकोर ताई, टॅगचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही मर्जच्या बाजूला झुकताय असं वाटतंय म्हणून लिहितो.

मी अधूनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसला पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवतो. ते २०१० मध्ये गिटवर आले आणि त्यांचा मुख्य इतिहास आजही एका सरळ रेषेत आहे, मर्ज कमिट नाहीच. पॅचची पहिली आवृत्ती मेलिंग लिस्टवर टाकायची, लोक झोडपतात, तोवर मुख्य शाखा पुढे गेलेली असते, रिबेस करून दुसरी टाकायची, मग तिसरी. शेवटी एखादा कमिटर (बदल आत घेण्याचा अधिकार असलेला) ती घेतो आणि एकच नेटका बदल आत जातो. संदेशाच्या तळाशी चर्चेचा दुवा असतो. दहा वर्षांपूर्वीची एखादी विचित्र अट का आहे ते मला ब्लेमवरून (कुठली ओळ कुठल्या कमिटनं आली ते दाखवणारी कमांड) पाच मिनिटांत कळतं, कारण मध्ये 'टायपो सुधारला', 'परत सुधारला', 'मेन मर्ज केला' असला पालापाचोळा नाही.

ऊसबिलवाल्यांच्या रिपोत 'मर्ज ब्रांच मेन इनटू पाचट-वजावट' अशी किती कमिट्स आहेत ते एकदा मोजा. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर चहाच्या आधी मेन मर्ज करणारी माणसं मी पाहिलीयेत. त्यातून काय कळतं वाचणाऱ्याला? हा माणूस सकाळी ऑफिसात आला, एवढंच.

काटेकोर:

सवयीनं रोज मेन ओढायचा याला माझाही विरोधच आहे. गिट आणि लिनक्स सुरू करणारा लिनस टॉरवाल्ड्सही त्यावर वर्षानुवर्षं चिडत आलाय, आणि तो तर मर्जवाल्यांचा मुकुटमणी. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मुख्य शाखेत मर्ज कमिट्स हजारोंनी आहेत. सबसिस्टिमच्या मेंटेनरनी लोकांना दिलेली ब्रांच परत लिहू नये, वरची शाखा कारणाशिवाय खाली ओढू नये, आणि मर्ज केलाच तर का केला ते संदेशात लिहावं, असं कर्नलच्या दस्तऐवजांतच मेंटेनरांसाठी एक वेगळं पान करून लिहिलंय. एसक्यूलाइट हा डेटाबेस गिटऐवजी ज्या फॉसिलवर चालतो त्यात तर रिबेस ठेवलेलाच नाही, आणि का ठेवला नाही यावर त्यांचा लांबलचक लेख आहे. तिन्ही प्रोजेक्ट उत्तम चालतात. म्हणून 'मोठे लोक काय करतात' ही वाट इथे कुठे नेत नाही.

पोस्टग्रेसमध्ये सरळ रेषा जमते, कारण तिथे कमिटर मोजकेच आहेत आणि तुमच्या पॅचचा हॅश, तो आत जाईपर्यंत, कुणाच्याच खिजगणतीत नसतो. चर्चा मेलच्या संग्रहात राहते. सांगली-पुण्याच्या टीमकडे असा संग्रह आहे का? त्यांची चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर होत असणार.

सरळ रेषेचा एक खर्च मात्र तुम्ही सांगितला नाहीत. दहा कमिट्सची ब्रांच रिबेस केली की दहा नव्या अवस्था तयार होतात. त्यातली फक्त शेवटची कुणीतरी चालवून पाहिलेली असते. मधल्या नऊ कुठल्याही मशीनवर कधी कंपाइलच झालेल्या नसतात. पोस्टग्रेसला हे जाणवत नाही, तिथे प्रत्येक कमिट वेगळं तपासूनच आत जातं. आमच्यासारख्यांकडे वर्षभरानं रात्री कुणीतरी बायसेक्ट (चूक कुठल्या कमिटनं आली ते निम्मं-निम्मं करत शोधणारी कमांड) लावतं, तो नेमका त्या नऊतल्या एकावर जाऊन थांबतो आणि बिल्डच होत नाही. रिबेस करायचाच तर 'गिट रिबेस --एक्झेक' देऊन प्रत्येक पायरीवर बिल्ड आणि टेस्ट चालवा. वेळ लागतो. लागू दे. तेवढा धीर नसेल तर ब्रांच मर्ज करा आणि बायसेक्टला '--फर्स्ट-पेरेंट' द्या. २०२० पासून ती सोय आहे, तो मग ब्रांचच्या पोटात न शिरता फक्त मेनच्या थांब्यांवर थांबतो.

ऊसबिल_सांगली:

ताई, रेंज-डिफ चालवला. राउंडिंगचं कमिट '<' घेऊनच निघालं. शिवाय एक '!' निघालं, ज्याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. गाडी काट्यावर असताना रिकाम्या वजनाची तारीख तपासायची, ती अट कॉन्फ्लिक्ट सोडवताना अर्धी कापली गेली होती. सहकाऱ्याला स्क्रीन दाखवली, तो गप्पच झाला. ताजी ब्रांच तयार आहे.

एक्झेवर हॅश छापत नाही, फक्त तारीख छापतो. उद्यापासून छापू.

तीन शंका राहिल्यात. गिटहबवर मर्जची तीन बटणं आहेत, त्यातली कुठली ठेवू? दोघांच्या ब्रांचला मेनमधलं काही खरंच हवं असेल तेव्हा काय करायचं? आणि आमच्यातल्या तिसऱ्यानं पाचट-वजावटीच्या वर आपली 'बिल-छपाई' ब्रांच काढली आहे, जुन्या टोकावरून. त्याचं काय?

दूरवरून_मराठी:

तिसऱ्याचं मी सांगतो, आमच्याकडे ब्रांचवर ब्रांच हा रोजचाच प्रकार आहे.

त्याला साधा रिबेस करू देऊ नका. त्याच्या ब्रांचच्या पोटात तुमची जुनी कमिट्स आहेत. त्यातली जी जशीच्या तशी नव्यात आहेत ती गिट ओळखून वगळेल, पण कॉन्फ्लिक्टमध्ये ज्यांचा मजकूर बदलला ती त्याला नवीच वाटतील आणि तुमचं भांडण त्याला परत भांडावं लागेल. त्यानं 'गिट रिबेस --ऑन्टो ताजी-ब्रांच जुनं-टोक बिल-छपाई' असं करावं. म्हणजे जुन्या टोकानंतरचं जे खरोखर त्याचं आहे तेवढंच उचललं जाईल. त्यानं ब्रांच काढल्यावर तुम्ही जुन्या ब्रांचवर आणखी कमिट्स टाकली असतील तर 'जुनं-टोक' म्हणजे त्याची फांदी जिथून फुटली ते कमिट धरा. 'गिट मर्ज-बेस' ते काढून देतं.

असे थर एकाच माणसाचे असतील तर 'गिट रिबेस --अपडेट-रेफ्स' बघा, गिट २.३८ पासून आहे. वरच्या ब्रांचवर एकदा रिबेस केला की मधल्या ब्रांचची टोकंही सोबत सरकतात.

आणि हो, 'स्क्वॉश अँड मर्ज' बटण ठेवलंत तर हे थरांचं दुखणं दर वेळी होणार. खालची ब्रांच मेनमध्ये एकच नवं कमिट होऊन जाते, वरच्या ब्रांचला ते ओळखू येत नाही.

फोर्स पुश पूर्ण बंद करता येणार नाही, स्वतःच्या ब्रांचवर तो लागतोच. तिथे '--फोर्स-विथ-लीज' वापरा. सर्व्हरवर तुम्ही शेवटचं पाहिलं त्यापेक्षा वेगळं काही असेल तर तो नकार देतो. पण एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत (सर्व्हरवरचं ताजं उतरवून घेत) असेल तर 'शेवटचं पाहिलेलं' तुमच्या नकळत ताजं होतं आणि नकार मिळतच नाही. म्हणून सोबत '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' पण द्या, २.३० पासून आहे.

काटेकोर:

बटणांपैकी 'मर्ज कमिट' एकच ठेवा. 'रिबेस अँड मर्ज' मला नको वाटतो, त्याचं कारण गिटहबपुरतंच आहे. ते बटण दर वेळी नवे हॅश बनवतं, ब्रांच आधीच मेनच्या टोकावर असली तरीही. म्हणजे ज्या कमिटवर टेस्ट हिरव्या झाल्या ते कमिट मेनवर जातच नाही, त्याची जुळी बहीण जाते. स्क्वॉशबद्दल वर लिहिलंच आहे. सरळ इतिहासाची अट लावू नका, ती लावलीत की मर्ज कमिट घेताच येत नाही. त्याऐवजी मर्ज करण्यापूर्वी ब्रांच मेनशी अद्ययावत असली पाहिजे ही अट लावा. मग मेनकडे पाहताना रेषा जवळजवळ सरळ दिसते आणि प्रत्येक कामाभोवती एक मर्जचं कडं राहतं. गिटलॅबमध्ये (गिटहबसारखीच दुसरी सेवा) याला तयार पर्याय आहे, गिटहबवर असं जुळवून घ्यावं लागतं. पुणेकरांना 'गिट लॉग --फर्स्ट-पेरेंट' दाखवा, त्यांना हवी असलेली रेषा तिथे आहे.

ब्रांचच्या नावातच मालकी लिहा. 'माझं/' ने सुरू होणारी ब्रांच: तिच्यावर हवा तेवढा रिबेस करा, तिच्यावरून बिल्ड कुणालाही द्यायचं नाही. 'सामायिक/' ने सुरू होणारी: फोर्स पुश गिटहबच्या नियमातूनच बंद, मेनमधलं काही हवंच असेल तर मर्ज करा आणि नेमकं काय हवं होतं ते संदेशात एका ओळीत लिहा. ती ओळ सुचत नसेल तर मर्ज करू नका. अद्ययावत असण्याच्या अटीसाठी अगदी शेवटी करावा लागणारा मर्ज तेवढा याला अपवाद. त्यातही 'अपडेट ब्रांच' बटणाच्या बाजूला छोटा बाण आहे, त्यात रिबेसचा पर्याय लपलेला असतो. सामायिक ब्रांचवर तो चुकून दाबू नका.

लीडना सांगा की रिबेस बंद केला तर लोक स्वतःच्या ब्रांचवरचा पालापाचोळा तसाच पाठवतील आणि पॅचवाल्यांचं म्हणणं खरं ठरेल.

एक गोष्ट मात्र आत्ताच रिडमीत लिहून ठेवा, कारण तिची गरज पडेल तेव्हा काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असेल. मर्ज झालेलं अख्खं काम मागे घ्यायचं तर 'गिट रिव्हर्ट -एम १' आणि मर्ज कमिटचा हॅश, काम झालं. पण पुढे तीच ब्रांच दुरुस्त करून परत मर्ज केलीत तर फक्त नवी दुरुस्ती येईल, जुनं काम येणार नाही. गिटच्या लेखी ते आधीच मेनमध्ये आलेलं आहे, मधल्या रिव्हर्टशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे दुरुस्त ब्रांच घेण्याआधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करायचा, मग मर्ज.